घरातली तालीम : औंधच्या महाराजांपासून आपल्या सी विंगपर्यंत

स्मरणिका समितीने मला सांगितले, इतिहासाचा विषय घ्या, पण सनावळ्यांचा मारा नको. विषय शोधायला लांब जावे लागले नाही. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन गोष्टींवर सर्वांत जास्त वेळ गेला. एक पार्किंग, ते दर वर्षीचेच. दुसरी, व्यायामाची यंत्रे. वरच्या मजल्यावरच्या ट्रेडमिलचा पहाटे साडेपाचला येणारा धप धप आवाज, आणि तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत सोसायटीची जिम करावी की नाही, यावर जवळजवळ पाऊण तास चर्चा झाली. त्या चर्चेत दोन-तीन सभासद म्हणाले, "हे घरात जिम करायचं खूळ लॉकडाऊननं आणलं. आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

होतं. आपल्या महाराष्ट्रात घरी विलायती यंत्रे मागवून व्यायाम करण्याची गोष्ट निदान १८९७ पर्यंत मागे जाते. आणि ती यंत्रे मागवणारा गृहस्थ काही साधासुधा नव्हता. पण त्याच्याकडे येण्याआधी तालमीचे सांगितले पाहिजे, कारण त्या काळी व्यायाम ही घरी करायची गोष्टच नव्हती.

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, कुठल्याही जुन्या पेठेत जा, मारुतीचे देऊळ आणि शेजारी तालीम ही जोडी सापडते. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुती स्थापले आणि त्याबरोबर बलोपासना आली, ही परंपरा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. तालमीत खर्च तो काय? लाल मातीचा हौदा, त्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ ठेवायची. भिंतीला टेकवलेले मुद्गल, एखादा मल्लखांब, आणि एक लंगोट. बाकी जोर-बैठकांना काही लागतच नाही.

खरे भांडवल म्हणजे वस्ताद. तो कोपऱ्यात बसून मोजायचा. आज कोण आले नाही, कोणाच्या बैठका अर्ध्यावर सुटल्या, कोण नुसताच मुद्गल धरून गप्पा मारतोय, सगळे त्याच्या डोक्यात. दोन दिवस दांडी मारली की तिसऱ्या दिवशी तालमीतला कोणी तरी पोरगा दारात हजर. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर वसुलीची यंत्रणा पक्की होती.

पण तालमीच्या दोन मर्यादा होत्या आणि त्या लपवून उपयोग नाही. तिथे बायकांना प्रवेश नव्हता. आणि एकोणिसाव्या शतकात जो नवा वर्ग तयार होत होता, म्हणजे वकील, कारकून, मास्तर, डॉक्टर, त्याला पहाटे मातीत लोळून दहा वाजता कचेरीत जाणे हळूहळू अवघड वाटू लागले. काहींना ते कमीपणाचेही वाटू लागले. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, याचा अर्थच असा की बाकीचे विद्यार्थी तसे करत नव्हते.

नेमक्या याच वर्गाला डोळ्यांसमोर ठेवून युरोपात एका माणसाने मोठा धंदा उभा केला. त्याचे नाव युजेन सँडो. १८६७ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्ग गावी जन्मलेला हा पहिलवान लंडनला येऊन आधी रंगमंचावर ताकदीचे प्रयोग करी. पण त्याची खरी अक्कल त्यापुढची. त्याच्या लक्षात आले की टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला घरी जाऊन आरशासमोर उभे राहायचे असते. १८९७ मध्ये त्याने लंडनला व्यायामसंस्था काढली, त्याच साली त्याचे शक्तिसंवर्धनावरचे पुस्तक आले. त्यात वयानुसार कोणता व्यायाम किती वेळा करायचा याचे तक्ते होते. सोबत विकायला दोन मुख्य वस्तू. एक, स्प्रिंगचे डंबेल. ते उभे दोन भागांत चिरलेले असत आणि मध्ये स्प्रिंगा, म्हणजे मुठीत दाबून दोन्ही भाग जवळ आणूनच हात हलवायचे. दुसरी, 'डेव्हलपर' नावाचे रबरी दोऱ्यांचे साधन. ते खोलीच्या दाराला अडकवायचे आणि ओढायचे. पुढे टपालाने शिकवणीही सुरू झाली, मापे लिहून पाठवायची आणि व्यायामाची सूचना घरपोच. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात खेळ करत फिरला, मुंबई-कलकत्त्याला त्याचे प्रयोग झाले. त्याची यंत्रे आज कुठे दिसत नाहीत, पण त्याचे नाव आपल्या सगळ्यांच्या कपाटात आहे. बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडो म्हणतो ना, तो हाच.

आता औंध. सातारा जिल्ह्यातले हे लहानसे संस्थान. तिथले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ज्यांना लोक बाळासाहेब म्हणत, १८६८ चा जन्म, डेक्कन कॉलेजचे पदवीधर, उत्तम चित्रकार. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यांनी दिलेल्या जमिनीमुळे. औंधचे वस्तुसंग्रहालय त्यांचेच, ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एका रविवारी जरूर जावे. १८९७ साली, गादीवर येण्याआधी बारा वर्षे, त्यांनी सँडोची सगळी साधने आणि पुस्तके मागवली. आणि मग, हे महत्त्वाचे, ती खरोखर वापरली. एक-दोन महिने नव्हे, तब्बल दहा वर्षे, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. छाती भरली, हात पिळदार झाले. घरच्या व्यायामशाळेचा इतका निष्ठावंत गिऱ्हाईक सँडोलाही लंडनमध्ये फार मिळाले नसतील.

आणि दहा वर्षांनी त्यांनी ती यंत्रे बाजूला ठेवली. मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत तेच करत राहिले. कारण उघड आहे. सँडोच्या साधनांनी एकेक स्नायू वेगळा कमावला जातो, दंड म्हणजे दंड, छाती म्हणजे छाती. नमस्कारात कंबर वाकते, पाठीचा कणा मागे-पुढे जातो, पाय ताणले जातात, श्वास त्या तालाने चालतो, आणि हे सगळे एकाच आवर्तनात. शिवाय एका सतरंजीएवढी जागा पुरे. बिघडायला काही नाही, परदेशातून मागवायला काही नाही.

राजा असल्यामुळे त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. संस्थानातल्या शाळांत मुलांना आणि मुलींनाही नमस्कार लावले. पुस्तक लिहिले. औंधची पद्धत दहा स्थितींची, आज सगळीकडे बारा शिकवतात, त्यावर आपल्याकडे अजूनही वाद घालणारे आहेत. मला विचाराल तर दहा की बारा यापेक्षा रोज की कधीतरी, हा प्रश्न मोठा.

पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. १९३६ मध्ये पंतप्रतिनिधी इंग्लंडला गेले होते. सत्तरीकडे झुकलेला हा माणूस इतका ताठ आणि तरतरीत कसा, याचे लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंना नवल वाटले. त्यांनी वृत्तपत्रात त्यावर लिहिले आणि १९३८ मध्ये लंडनच्याच एका नामांकित प्रकाशनाने पंतांचे सूर्यनमस्कारावरचे इंग्रजी पुस्तक काढले. म्हणजे बघा, १८९७ ला व्यायामाचे खोके लंडनहून औंधला आले, आणि एक्केचाळीस वर्षांनी औंधचा व्यायाम लंडनला गेला. त्याला खोके लागले नाही.

यात एक गोष्ट सहज निसटते. पंतांचा नमस्कार बायकांसाठीही होता, आणि तो घरात करता येत होता, म्हणूनच बायकांना करता आला. १९१४ ला अमरावतीला निघालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, बडोद्याचे माणिकराव आणि त्यांचे जुम्मादादा व्यायाममंदिर, १९२४ साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी काढलेले कैवल्यधाम, अशा कितीतरी संस्थांनी व्यायामाला शिस्त दिली, शास्त्र दिले. अमरावतीच्या मंडळाने तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. बडोद्याहून दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश निघाला. हे सगळे खरे, आणि अभिमानाचे. पण पेठेतल्या चार मुलांच्या आईला घरातून उठून मंडळात जाणे कुठे शक्य होते? तिच्यासाठी घराच्या आतलाच व्यायाम हवा होता.

इथे कोणी तरी म्हणेलच, "जुन्या बायकांना कशाला व्यायाम? जातं, उखळ, पाटा-वरवंटा, विहिरीचं पाणी, हीच त्यांची जिम." सभेतही एकाने म्हटलेच. मला हे बोलणे पटत नाही. जात्यावर बसणारी बाई कष्ट करत होती, व्यायाम नव्हे. व्यायामात दमले की थांबता येते. पीठ संपले की दळण थांबवता येत नाही, कारण घरात दहा माणसे जेवायची असतात. त्या पिढीतल्या बायकांची ताकद आपण आठवतो, त्यांच्या कमरा आणि गुडघे कोणी आठवत नाही. तरी एवढे मात्र मान्य केले पाहिजे की मिक्सर, गिरणी आणि नळ आल्यावर घरातली हालचाल एकदम कमी झाली आणि तिच्या जागी दुसरे काहीच आले नाही.

पुरुषांचे तेच, फक्त कचेरीत. याचा सर्वांत नामी पुरावा लंडनच्या बसमधून आला. डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि ती १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दोघे एकाच बसमध्ये, एकाच शहरात, पगारातही फार फरक नाही. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसातून पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. कंडक्टरांत हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. पुढे १९५६ मध्ये मॉरिस यांनी आणखी गंमत केली. गणवेशाच्या पँटींची मापे तपासली. ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली. आमच्या बँकेत कोणी ही मापे घेतली असती तर कॅश काउंटर आणि मॅनेजरची केबिन यांचा निकाल काय लागला असता, ते मी इथे लिहीत नाही. पण आपल्या सोसायटीची लिफ्ट गेल्या पावसाळ्यात अकरा दिवस बंद होती, तेव्हा आपण सगळे कंडक्टर झालो होतो.

बसून राहण्याचे दुखणे कळले, तसे यंत्र पुन्हा घरात आले. १९६८ मध्ये अमेरिकन हवाईदलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' आले, आणि लोक पळायला लागले. बाहेर थंडी-पाऊस असताना घरात पळता यावे म्हणून विल्यम स्टॉब नावाच्या इंजिनियरने घरगुती ट्रेडमिल तयार केली. गंमत अशी की ट्रेडमिल हा शब्द मुळात तुरुंगातला. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट याने इंग्लंडच्या कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक बनवले. कैद्याने त्यावर तासन् तास चढत राहायचे, चाक फिरायचे, कधी त्यावर धान्य दळले जायचे, कधी काहीच नाही. एके काळी ज्या शिक्षेला लोक घाबरायचे ती आता आपण हप्त्याने विकत घेतो.

आपल्याकडे ट्रेडमिल उशिरा आली. त्याआधी सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मासिकांत बुलवर्करच्या जाहिराती असत, त्या माझ्या वयाच्या वाचकांना आठवतील. एका बाजूला हडकुळा तरुण, दुसऱ्या बाजूला पिळदार. सँडोची युक्ती, फक्त कागद नवा. मग योगाच्या सतरंज्या, सायकली, मोटरचे पट्टे, आणि शेवटी २५ मार्च २०२०. जिम बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या उघडल्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याला. त्या सात महिन्यांत आपल्या तिन्ही विंगमध्ये काय काय झाले! एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांचे डंबेल, पाच किलोच्या तांदळाच्या पिशव्या खांद्यावर, जिन्यात मुलांच्या शर्यती, गच्चीवर अंतर राखून नमस्कार. माझ्या आठवणीत सोसायटीत इतका व्यायाम आधी कधी झाला नव्हता, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य.

यंत्रे आली ती त्यानंतर. आज त्यांतल्या कितींवर कपडे वाळत आहेत हे मी विचारणार नाही. बँकेत टेबल-खुर्च्या, तिजोऱ्या, पंखे यांची एक वेगळी वही असे, तिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणत. वर्षातून एकदा मोजायचे आणि घसारा लावायचा. ती वही मला अलीकडे फार वेळा आठवते.

यंत्र वाईट नसते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्याला बाहेरच्या खड्ड्यांपेक्षा ट्रेडमिलचा सपाट पट्टा बरा, मधुमेहाच्या माणसाला जेवणानंतर घरातल्या घरात वीस मिनिटे चालता आले तर चांगला उपयोग. पण सँडोने दोऱ्या-स्प्रिंगांबरोबर तक्ता आणि टपालाची शिकवणी का दिली होती, हे विकणारे आता विसरलेत. त्याला कळले होते की घरात वस्ताद नाही, म्हणून तो कागदावर तरी पाठवला पाहिजे. पंतांकडे शिस्त स्वतःचीच होती, शिवाय घरची माणसे आणि अख्खे संस्थान बरोबर. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दार लावून एकटाच उभा असतो तो माणूस. त्याने आज बटण दाबले नाही तर कोणालाच कळत नाही.

आमच्या वयाच्या मंडळींना आणखी एक गोष्ट सांगतो. ब्राझीलच्या डॉ. आरौजो यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना त्यांनी एवढेच सांगितले, जमिनीवर बसा आणि उठा, शक्य तितका कमी आधार घ्या. हात टेकला की एक गुण कमी, गुडघा टेकला की एक गुण कमी. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त निघाले. पाटावर बसून जेवणारी, पूजेला मांडी घालणारी माणसे हे दिवसातून दहा वेळा करत होती. डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर आपले जमिनीशी नाते फक्त पडल्यावर येते. गेल्या चार वर्षांत आपल्या सोसायटीत घरात पडून खुब्याचे हाड मोडल्याच्या तीन घटना झाल्या, तिन्ही ज्येष्ठ महिला. त्यातल्या एक आज आपल्यात नाहीत. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम सांगते, ते उगीच नाही. त्याला ट्रेडमिल लागत नाही. भिंत लागते, खुर्ची लागते, आणि समोर कोणी तरी माणूस लागते.

आता आवाजाबद्दल, कारण सभेत तो विषय अर्धवट राहिला. काही सभासदांना स्लॅबची काळजी होती. राहत्या खोल्यांची स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, त्यामुळे एका घरगुती ट्रेडमिलने आणि तिच्यावरच्या माणसाने इमारतीला धोका नाही. वजनांचा ढीग एका कोपऱ्यात रचू नये, इतकेच. त्रास होतो तो पाय आपटण्याचा. यंत्र खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीजवळ, तुळईच्या बाजूला ठेवावे आणि खाली जाड रबरी मॅट घालावी. सातच्या आत चालवू नये, असे सी विंगच्या दोन्ही कुटुंबांनी आपसात ठरवले आहे आणि ते पाळले जात आहे. सेक्रेटरींना मध्ये पडावे लागले नाही, याची नोंद इतिहासात राहावी म्हणून लिहून ठेवतो.

तळमजल्याच्या खोलीचा निर्णय व्यवस्थापक समितीने घेतला आहे. पहिले वर्ष यंत्रे घ्यायची नाहीत. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर पकडायला दांडी बसवली आहे. ए विंगच्या एका सभासदाने वडिलांच्या मुद्गलांची जोडी आणून ठेवली आहे, ती पोरांनी पायावर पाडून घेऊ नये. सकाळी साडेसहा ते सव्वासात सर्वांसाठी, अकरा ते बारा महिलांसाठी, संध्याकाळी पाच ते सहा ज्येष्ठांसाठी. दाराला हजेरीची वही टांगली आहे. सलग दोन दिवस सही नसेल तर तिसऱ्या दिवशी बेल वाजवायला कोणी जायचे, त्याच्या पाळ्या लावल्या आहेत. या महिन्यात माझी पाळी आहे. किल्ली वॉचमनकडे असते, सतरंजी ज्याची त्याने आणावी.